वऱ्हाडातील घरगुती संगीत : मलकापूरच्या निमित्ताने एक टिपण

१. विषयाची व्याप्ती

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास प्रायः गवयांचा, घराण्यांचा, नाटक मंडळ्यांचा आणि त्यांना आश्रय देणाऱ्या दरबारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हे स्वाभाविकच होय. ज्यांनी आपले आयुष्य गाण्याला वाहिले त्यांची नावे मागे राहिली, त्यांच्या बिदाग्यांचे हिशेब राहिले, शिष्यांनी सांगितलेल्या आठवणी राहिल्या. परंतु ज्यांनी आयुष्य संसाराला वाहिले आणि त्यातून उरलेला तास गाण्याला दिला, त्यांची गणना या इतिहासात क्वचितच होते. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर ओसरीत पेटी काढणारा कारकून, पहाटे जात्यावर बसणारी गृहिणी, एकादशीला टाळ घेऊन जमणारे दुकानदार ही सर्व मंडळी गातवाजवीत होती. त्यांना ऐकणारे मात्र घरचे व शेजारचे एवढेच होते.

प्रस्तुत टिपणात या घरगुती संगीताचा विचार वऱ्हाडाच्या, आणि विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरसारख्या व्यापारी गावाच्या संदर्भात करावयाचा आहे. 'छंद' हा शब्द येथे एका निश्चित अर्थाने योजला आहे. ज्याला संगीताचा छंद आहे त्याचे पोट संगीतावर नसते आणि त्याचे गाणे हे धर्मकृत्याचा अथवा श्रमाचा अनिवार्य भागही नसते. तो आपल्या मोकळ्या वेळात, आपल्या आनंदासाठी गातो. हा अर्थ स्वीकारला म्हणजे छंदाला तीन गोष्टी लागतात असे दिसून येईल : मोजता येण्याजोगा रिकामा वेळ, घरात ठेवता येण्याजोगे वाद्य, आणि घरातील वडीलधाऱ्यांची व समाजाची अनुज्ञा. या तिन्ही गोष्टी वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरात केव्हा आणि कशा आल्या, आणि त्या येताना काय गमावले गेले, हा आपला प्रश्न आहे.

२. मलकापूर व नवा गृहस्थ

नळगंगेच्या काठी वसलेले मलकापूर हे जुने गाव. 'आइन-इ-अकबरी'त त्याचा निर्देश नरनाळा सरकारातील एका परगण्याचे ठाणे म्हणून येतो. खानदेश आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर असल्यामुळे त्याच्या बोलीवर, सणांवर व गाण्यांवर दोन्ही बाजूंची छाया पडली आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यानंतरच्या दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापुरावरून पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला विदर्भाचे दार येथेच लागते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नसल्याने तिकडे जाणारा उतारूही बहुधा येथेच उतरे.

याच सुमारास, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली. पुढे सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. तहसील कचेरी, न्यायालय, शाळा, टपालघर व स्टेशन यांच्याभोवती एक नवा गृहस्थवर्ग जमला. वकील, कारकून, मास्तर, स्टेशनवरील बाबू, अडत्याचे मुनीम अशी ही माणसे होती. संगीताच्या दृष्टीने या वर्गाचे वैशिष्ट्य त्याच्या पगारापेक्षा त्याच्या दिनक्रमात आहे. शेतकऱ्याचा दिवस ऋतूवर चालतो आणि कारागिराचा कामावर. कचेरीतला माणूस घड्याळावर चालतो. कचेरी सुटल्यापासून जेवणाची पाने मांडली जाईपर्यंतचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. रविवार व न्यायालयाची दीर्घ सुटी ही त्यात भर. ज्याला आपण छंद म्हणतो त्याची जागा या फटीत आहे.

व्यापाऱ्याचा रिकामा वेळ निराळा होता. कापसाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई व उन्हाळ्याच्या तोंडाशी सरे. पावसाळ्यात पेठ मंद असे. श्रावणातील सप्ताह, चातुर्मासातील पोथी व भजन यांना या मंदीचा आधार मिळाला. हाच काळ शेतकऱ्याच्या घरी निंदणीखुरपणीचा असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच गावात एकाच श्रावणात कोणाला गाण्यास सवड होती आणि कोणाला नव्हती, हे पिकाच्या चक्रावरून ठरत होते.

३. छंदापूर्वीचे घरगुती गाणे

घरात गाणे नव्याने आले असा मात्र याचा अर्थ नव्हे. ते फार पूर्वीपासून होते, पण ते श्रमाशी व सणाशी बांधलेले होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा निर्देश आहे. पुढील शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'तही ओवीची दखल घेतली आहे. म्हणजे मराठी भाषेतील ज्या गाण्याचा शास्त्रग्रंथांतून इतक्या लवकर उल्लेख होतो ते गाणे दरबारातले नसून उखळाजवळचे आहे. या परंपरेची व्याप्ती किती होती याची कल्पना अलीकडच्या संकलनावरून येते. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी १९८० नंतर चालविलेल्या संग्रहकार्यात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या.

ही परंपरा एका धर्मापुरती नव्हती. विजापूरच्या सूफी परिवारात सतराव्या शतकापासून 'चक्कीनामा' व 'चरखानामा' या नावांची दखनी पद्ये रचली गेली. जाते फिरविताना व सूत कातताना स्त्रियांनी ती म्हणावी अशी योजना होती. वऱ्हाडच्या गावांतून मराठी, उर्दू व मारवाडी बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदत आली. ओवीबरोबरच मौलूदच्या प्रसंगी म्हटली जाणारी नात आणि मारवाडी घरांतील लग्नगीते यांचाही घरगुती संगीतात अंतर्भाव केला पाहिजे.

मुलींच्या वाट्याला याहून मोकळे गाणे येई, ते भुलाबाईच्या निमित्ताने. भाद्रपदातील पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई व भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली घरोघर जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत कोणती ते ओळखतात. खानदेशात तिलाच गुलाबाई म्हणतात. मलकापूर या दोन्ही नावांच्या सीमेवर आहे. सासर, माहेर, रुसवा, दागिना यांभोवती फिरणारी ही गाणी वरकरणी बालिश वाटली तरी त्यांतून मुलीला ताल, समूहात सूर धरणे आणि शब्द ध्यानात ठेवणे यांचे शिक्षण आपोआप मिळे. हे शिक्षण देणारा कोणी गुरू नव्हता. थोरली धाकटीला शिकवी आणि लग्न होऊन गेली की धाकटी थोरली होई.

पुरुषांच्या बाजूला हीच कामगिरी भजनाने केली. टाळ, मृदंग व वीणा यांवर चालणारे वारकरी भजन वऱ्हाडात रुजलेले होते. विसाव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी त्याला नवे वळण दिले. त्यांचे वाद्य खंजिरी हे होते. ते स्वस्त, हातात मावणारे आणि कोणत्याही घरी ठेवता येणारे आहे. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून प्रसृत झालेल्या सामुदायिक प्रार्थनेने गावोगावच्या सामान्य माणसाला संध्याकाळी एकत्र बसून गाण्याची नियमित वेळ दिली. येथे भक्ती व छंद यांमधील रेषा पुसट होते. तथापि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी खंजिरीचा हात सुधारण्यासाठी जमणारे लोक केवळ पुण्यासाठीच जमत होते असे म्हणता येत नाही.

४. अनुज्ञेचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या घरातील मुलाने सतार शिकावयाची म्हटले तर पहिली अडचण पैशाची नसे. गाणेबजावणे हा कलावंतिणींचा व उस्तादांचा धंदा, त्यात कुलीन माणसाने पडू नये, ही समजूत दृढ होती. स्त्रियांच्या बाबतीत ती अधिक कठोर होती. ही समजूत हटविण्याचे काम काही संस्थांनी जाणूनबुजून अंगावर घेतले. मुंबईस १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी समाजात गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. बडोद्यास १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली राज्याच्या खर्चाने गायनशाळा सुरू झाली. या सर्वांचा हेतू व्यावसायिक गवई घडविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सभ्य गृहस्थाच्या घरात संगीत नेण्याचा होता.

यांपुढे जाऊन विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा काढली. ठरावीक वेळ, ठरावीक फी, छापील पुस्तक व परीक्षा या चार गोष्टींनी त्यांनी संगीताला शाळेचे रूप दिले. शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपर पदे योजून त्यांनी पालकांची भीती घालविली आणि मुलींना व गृहिणींना शिकविण्यावर भर दिला. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची केंद्रे पुढे लहान गावांतूनही निघाली. जेथे नामांकित गवई राहण्याचा संभव नव्हता अशा तालुक्याच्या गावीही परीक्षेमुळे एखादा मास्तर टिकू लागला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या मुलीला घरून 'वर्गाला जाते' असे सांगता येऊ लागले. 'गाणे शिकते' आणि 'वर्गाला जाते' या दोन वाक्यांमधील अंतर हे या चळवळीचे खरे यश होय.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. पूर्वी ज्यांच्याकडून हे संगीत आले त्या कलावंतिणी व उस्ताद यांना या नव्या व्यवस्थेत गौण स्थान मिळाले. घरात संगीताला प्रवेश मिळाला, पण ज्यांनी ते जतन केले त्यांना बऱ्याच घरांचे दार बंदच राहिले.

५. पेटी

छंदाची दुसरी गरज वाद्याची. तंबोरा व सतार ही वाद्ये नाजूक. त्यांचे भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात व कारागिरी मिरजेची. त्यांना रोज सुरात लावावे लागते आणि ते लावण्यास आधी कान तयार असावा लागतो. वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात लाकूड सुकून त्यांची आणखी परीक्षा होते. नवशिक्याला हे वाद्य शिकण्याआधीच थकविते.

पेटीने ही अडचण सोडविली. आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास हार्मोनियमची पेटंट घेतली. ते वाद्य पायाने भाता मारून वाजविण्याचे होते. कलकत्त्यातील द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याचे मांडी घालून बसणाऱ्यास सोयीचे, हाताने भाता मारावयाचे रूप प्रचारात आणले. पितळी पट्ट्यांवर सूर कायमचे बसविलेले असल्याने रोज जुळवणी नको. एकच माणूस गाऊ व वाजवू शकतो. आवाज अंगणापर्यंत पोहोचतो आणि झाकण लावले की ती कोनाड्यात बसते. मराठी रंगभूमीने तिची ओळख घरोघर करून दिली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि नाटकातील पदे प्रेक्षक घरी नेऊ लागले. १९११ मध्ये 'मानापमान' नाटकास चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीचे थोर वादक होते. नाटक मंडळ्या रेल्वेने वऱ्हाडात येत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे वकील त्यांचे चाहते होते. मंडळी गाव सोडून गेली तरी तिची पदे पेटीवर मागे राहत.

पेटीच्या मर्यादा तिच्या सोयीतूनच निघतात. सूर कायम बसविलेले म्हणून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची मींड तिच्यावर निघत नाही. शिवाय तिचे बारा सूर पाश्चात्त्य पद्धतीने समान अंतरावर बसविलेले असल्याने भारतीय स्वरांशी ते काटेकोर जुळत नाहीत. या कारणांवरून १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी घालण्यात आली. रवींद्रनाथ ठाकूरही या वाद्याच्या विरोधात होते. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः शिथिल होईपर्यंत चालू होती.

या बंदीच्या काळातच, १९४८ मध्ये, नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. वऱ्हाडी घरात त्यानंतर वीसेक वर्षे एक विलक्षण स्थिती होती. फळीवरच्या रेडिओतून येणाऱ्या गाण्याला पेटीची साथ नव्हती आणि तेच गाणे रेडिओखाली बसून घरातील माणूस पेटीवरच काढीत होता. शास्त्राच्या कसोटीवर बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु घराची कसोटी वेगळी होती. ज्या वाद्यामुळे गुरूविना, थोड्या खर्चात, थकल्या संध्याकाळी अर्धा तास गाता येते, ते वाद्य घराने सोडले नाही.

६. तीन वकील

छंद कोठे थांबतो व व्यासंग कोठे सुरू होतो, याचे निदर्शक म्हणून तीन व्यक्तींची तुलना उद्बोधक ठरेल. तिघांचेही शिक्षण वकिलीचे होते.

पहिले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). वाळकेश्वर येथील मध्यमवर्गीय घरातील या तरुणाने आरंभी वडीलधाऱ्यांना न कळविता सतार शिकली. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले आणि १८८७ मध्ये वकिलीची पदवी घेतली. अनेक वर्षे वकिली व संगीत दोन्ही चालली. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी निवर्तली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि १९०४ पासून संगीताच्या शोधार्थ देशभर प्रवास आरंभिला. संसार होता तोपर्यंत जो छंद होता तो संसार उरला नाही तेव्हा जीवनकार्य झाला. त्यांच्या स्वरलिपीने व 'क्रमिक पुस्तकमालिके'ने पुढे हजारो घरांतील छंदाला आधार दिला.

दुसरे जी. एन. जोशी. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले, परंतु १९३८ मध्ये ते ध्वनिमुद्रिका कंपनीच्या सेवेत गेले आणि गाणे हाच त्यांचा व्यवसाय झाला.

तिसरे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९–२०००). नागपुरास शिकून ते मेहकरला परतले, तेथेच वकिली केली आणि तेथेच कविता लिहिली. त्यांची 'शीळ' ही कविता जोशी यांनी १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या प्रसाराचा आरंभ सांगताना तिचा उल्लेख अपरिहार्य आहे. तिची कीर्ती महाराष्ट्रभर झाली तरी कवी आपल्या गावी व व्यवसायात राहिला. त्यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ मध्ये निघाला आणि 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या तिघांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. भावगीत हा प्रकार मात्र याच वर्गाच्या गरजेतून फोफावला, हे ध्यानात येते. तीनचार मिनिटांची रचना, स्पष्ट शब्द, पेटीवर निघणारी चाल आणि घरी सर्वांसमक्ष गाता येण्याजोगा भाव ही त्याची लक्षणे जणू दिवाणखान्याच्या मापाने बेतलेली आहेत. नाट्यपद गायला गळ्याची तयारी हवी. भावगीत संसारी माणसाच्या आवाक्यात होते. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते घरोघरच्या वह्यांत उतरून घेतली गेली, ती याच कारणाने.

७. सवड कोणाची?

आता आरंभी सांगितलेल्या तीन गरजांपैकी पहिलीकडे, म्हणजे वेळेकडे, पुन्हा वळले पाहिजे. कचेरीतून आलेला गृहस्थ जेवणापूर्वी पेटीवर बसतो तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी चुलीपाशी असते. त्याचा रिकामा तास हा घरातील दुसऱ्या कोणाच्या भरलेल्या तासावर उभा असतो. वर्गाला जाऊन परीक्षा दिलेल्या मुलीची पेटी लग्नानंतर किती वेळा उघडली, याचे उत्तर बहुतेक घरांत त्या पेटीच्या भात्याला पडलेल्या भेगा देतील. मुलगी पाहण्याच्या प्रसंगी 'गाता येते का' असे विचारणारे घर पुढे तिला गाण्यास सवड देईलच असे नव्हते.

याच काळात पिठाची गिरणी आली. तिने स्त्रीच्या खांद्यावरचा फार मोठा भार उतरविला. त्याबद्दल खंत करणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर काव्य करणे होय. परंतु जात्याबरोबर ओवीही गेली, हे खरे. श्रमाशी बांधलेले गाणे श्रम संपताच संपले, आणि वाचलेल्या वेळेत स्त्रीला छंदाचे गाणे लगेच मिळाले नाही. तो वेळ दुसऱ्या कामांनी भरला. पुरुषाच्या गाण्याचा प्रवास भजनाकडून पेटीकडे सलग झाला. स्त्रीच्या गाण्यात मात्र जाते आणि पेटी यांच्यामध्ये एका पिढीची, काही घरांत दोन पिढ्यांची, पोकळी पडली. वऱ्हाडातील घरगुती संगीताच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना ही पोकळी होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

८. उपसंहार

ध्वनिमुद्रिका, रेडिओ, ध्वनिफीत आणि आता खिशातील दूरध्वनी यांनी ऐकण्याची सोय क्रमाक्रमाने वाढविली. तयार गाणे सहज मिळू लागले की घरातले कच्चे गाणे लाजते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तरीही घरगुती संगीत संपले असे म्हणता येणार नाही. परीक्षांची केंद्रे चालू आहेत, भजनी मंडळे बसतात, कोजागरीस भुलाबाईची गाणी ऐकू येतात. त्यांत पूर्वी ज्यांना सवड नव्हती अशा गृहिणी संसाराची निम्मी वाट चालून झाल्यावर नव्याने सूर धरताना दिसतात. ती पोकळी उशिरा का होईना भरत आहे.

या इतिहासाची साधने दप्तरखान्यात नाहीत. ती माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत : हाताने उतरविलेली पदे, मास्तरांनी लिहून दिलेली स्वरलिपी, परीक्षेची प्रमाणपत्रे, गीतांच्या वह्या. वहीच्या पानावर एका बाजूस पद आणि दुसऱ्या बाजूस वाण्याचा हिशेब असेल तर तो हिशेबही जपून ठेवावा. गाणे आणि संसार एकाच वहीत कसे नांदले, याचा त्याहून स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही.